बांधून ठेवलेल्या लाटा

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबाने प्रेस उघडला. मी नको म्हटलं नाही. आपल्या लोणावळ्याच्या हवेत यंत्र चार दिवस बंद राहिलं की गंज धरतं, हे तुम्हीच त्याला सांगत आलात. त्याने तेल घातलं, शाईचे रूळ पुसले, ट्रेडल मोकळं फिरवून पाहिलं, आणि मग खिडकीखालच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. त्या फळीवर तुमच्या पुस्तकाचं आठवं प्रकरण आहे. शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे सुट्या अक्षरांत, जुळवलेला सबंध मजकूर, पानापानाने दोरीने आवळून बांधलेला, वर धूळ बसू नये म्हणून जुनं वर्तमानपत्र.

"वैनी," तो म्हणाला, "मास्तर तर गेलं. आता ह्ये सोडायचं का? लगनसराई तोंडावर आलीया, अन् खणात खिळं न्हाईत."

मी त्याला आधी चहा घ्या म्हटलं. त्याचंही बरोबर होतं. लढाई सुरू झाल्यापासून नवे खिळे मिळत नाहीत, शिसं सगळं तिकडे जातं, आणि आपल्याकडचे निम्मे खिळे या एका प्रकरणात अडकून पडलेले. ती दोरी सोडून खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे, की प्रकरण छापून पुस्तकात घालायचं, हे आता मला एकटीला ठरवायचं होतं. तुम्ही तर तुमचं मत कधीच सांगून टाकलं होतं.

शाळेतून निरोप आला आहे, मास्तरांविषयी चार शब्द लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण कुठे, गणित किती वर्षं शिकवलं. ते दुसरं कुणीही लिहील. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचं आहे, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

लग्न होऊन मी आले तेव्हा या घरात पुढे छापखाना आणि मागे संसार होता. तुम्ही शाळेआधी आणि शाळेनंतर प्रेसमध्ये. गूळ-शेंगदाण्याच्या गुळदाणीच्या पुड्यांवरची लेबलं, खंडाळ्याच्या हॉटेलांची बिलं, बंगलेवाल्यांची कार्डं, लग्नपत्रिका. जुळारी सोडून गेला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, तुला तांदूळ निवडता येतात ना, मग खिळेही जुळवता येतील. मला राग आला होता. पण शिकले. महिन्याभरात उलटं वाचता यायला लागलं, आणि मग पोथी सुलटी वाचताना अडखळायला लागले. सासूबाईंना वाटलं मी मुद्दाम करते. तुम्ही मात्र बाजूला उभे राहून मिशीत हसत होतात, आणि माझी बाजू घ्यायला पुढे आला नाहीत. ते मी अजून विसरलेले नाही.

मग तुम्ही पुस्तक लिहायला घेतलंत. सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत, मराठीत, शाळेपुरतं गणित येणाऱ्या माणसाला कळेल असा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. खंडाळ्याला उन्हाळ्यात येणारे ते मुंबईचे प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. ते येताना परदेशी मासिकं आणत आणि जाताना तुमच्याकडे ठेवून जात. तुम्ही लिहायचं, मी जुळवायचं, धोंडिबाने छापायचं, असं ठरलं. एक अट मी घातली. न कळलेलं वाक्य जुळवताना माझा हात चुकतो, म्हणून जे मला कळणार नाही ते मी जुळवणार नाही. तुम्ही हसून कबूल केलंत. पुढे पस्तावलात. माझा हात थांबला की तुम्हाला उठून यावं लागे, भाकरी अर्धी टाकूनसुद्धा.

सूर्य पृथ्वीला ओढत नाही, हे वाक्य मी किती दिवस अडवून धरलं होतं. तुम्ही म्हणालात, सूर्यामुळे भोवतालचं अवकाश वाकतं, पृथ्वी त्या वाकलेल्या जागेत आपल्या परीने सरळच चालते. मी विचारलं, आणि सूर्य एकाएकी नाहीसा झाला तर? तुम्ही इतके खूश झालात की मला वाटलं मी काही मोठंच बोलले. म्हणालात, बघ, सगळे हेच विचारतात, पण सूर्याला असं नाहीसं होताच येत नाही. समीकरणंच तशी परवानगी देत नाहीत. वस्तुमान कुठेतरी जायला लागतं, सरकायला लागतं, नुसतं पुसून टाकता येत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मला हे आठवलं. सूर्याला जी परवानगी नाही ती तुम्हाला कुणी दिली?

समीकरणांचे खिळे आपल्याकडे नव्हतेच. ती सुताराकडून लाकडात कोरून घेतली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, ठोकळे खिळ्यांच्या वर आले, आणि पानभर मजकूर फिका अन् समीकरण काळंकुट्ट असं छापून निघालं. तुम्ही डोक्याला हात लावलात. धोंडिबा म्हणाला, मास्तर, जे कळत न्हाई तेच लय ठळक आलंय. त्यावर तुम्ही तो जुळवलेल्या पानांचा फर्मा तसाच ठेवा म्हणालात, कारण वाचकालाही तसंच वाटणार आहे. मग ठोकळे चुलीजवळ सुकवून पुन्हा घासून घेतले, ते वेगळं.

सातव्या प्रकरणाची गंमत तर अजून कोणाला सांगितली नाही. भर श्रावणात छापायला घेतलं होतं. धुकं खिडकीतून आत येऊन खोलीत बसलेलं, शाई वाळायचं नाव नाही. मी घाईने ओले ताव एकावर एक रचले. सकाळी बघते तर दोन ताव एका जागी चिकटलेले. शाईचा थेंब पडून बोटाच्या पेराएवढा एक ठिपका दोन्ही कागदांना धरून बसलेला. मी ओरडा खाणार म्हणून ते दोन ताव लपवायला निघाले, तर तुम्ही हातातून घेतलेत आणि खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहत राहिलात.

मासिकात नुकतंच तुम्ही तसंच काहीतरी वाचलं होतं. अवकाशाची दोन पानं आहेत असं धरा, आणि ती एका चिंचोळ्या पुलाने जोडली आहेत असं धरा. आपण ज्याला पदार्थाचा कण म्हणतो तो कदाचित कण नसेलच, असा एक पूल असेल. वरच्या पानावर राहणाऱ्याला तो नुसता ठिपका दिसेल, पण तो ठिपका म्हणजे दोन पानांची गाठ. मी म्हटलं, मग त्यातून पलीकडे जाता येतं का? तुम्ही म्हणालात, तसं मासिकात लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मी सांगणार नाही. पुस्तकातही तुम्ही तेवढंच घातलंत.

परवा बाजारातल्या एक बाई भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, ते काही लांब गेले नाहीत, फक्त पलीकडे आहेत. मला ते दोन चिकटलेले ताव आठवले. मोह झाला, खोटं कशाला बोलू. क्षणभर मी त्या ठिपक्याच्या अलीकडे उभी होते आणि तुम्ही खालच्या पानावर वह्या तपासत बसला होतात. पण लगेच तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मी त्या बाईंना म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही. त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं, आणि त्या आनंदात तुम्ही मला आयतं चहाचं भांडं उतरवून दिलं असतं.

आता आठव्याचं.

ते प्रकरण तुम्ही ज्या आनंदाने लिहिलंत तसं दुसरं कुठलंच लिहिलं नाहीत. आकाशात कुठे दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांच्या फिरण्याने अवकाशाचं वाकणं हलतं, आणि ती हालचाल लाट होऊन प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरते. जिथून जाते तिथली अंतरं क्षणभर कमी-जास्त होतात. मी विचारलं, आपल्या प्रेसमधूनही जात असेल? तुम्ही म्हणालात, जात असेल, पण ओळीतला एक खिळासुद्धा हलणार नाही इतकी बारीक. मी त्या दिवशी हात न थांबवता जुळवत गेले. एकदाही तुम्हाला उठवलं नाही.

फर्मा यंत्रावर चढायच्या आधी उन्हाळा आला, प्राध्यापक आले, आणि त्यांच्या मासिकात तुम्ही वाचलंत की ज्याने या लाटा पहिल्यांदा कागदावर मांडल्या त्यालाच मध्यंतरी शंका आली होती. अशा लाटा नसतातच, असं त्याला वाटलं होतं. मग गणितातली चूक ध्यानात आली आणि त्याने मत फिरवलं. प्राध्यापक म्हणाले, आता मिटलं, छापा. तुम्ही घरी आलात आणि धोंडिबाला म्हणालात, थांबव.

मी भांडायला उभी राहिले. तुम्ही भिंतीवरचा नागफणीच्या डोंगराचा नकाशा काढून माझ्यापुढे पसरलात. या ओळी बघ, म्हणालात. डोंगर चढतो तशा त्या मोजणीवाल्याने काढल्या. ओळी त्याच्या, डोंगर डोंगराचा. काढताना त्याचा हात थरथरला तर ओळ नागमोडी येईल, म्हणून काही डोंगर हलला नाही. ही लाट डोंगरातली की हाताची, हे ज्याने ओळी काढल्या त्यालाच एकदा नीट सांगता आलं नाही. मग मी कोण लागून गेलो छापणारा?

मी म्हटलं, शंका आहे तर शंकेसकट छापा. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या अजून कानात आहे.

"इंग्रजीत एक पुस्तक चुकलं तर दहा पुस्तकं त्याला दुरुस्त करायला येतात. मराठीत हे एकच असेल. माझ्या मागे कुणी दुसरं लिहिणार नाही. मावळातलं एखादं पोर हे वाचेल आणि जन्मभर चुकीचं उराशी धरून बसेल."

"म्हणजे आमच्या वाट्याला नेहमी शिळंच," मी म्हटलं. "वाद चालू असेल तोवर तो त्यांचा. मिटला की उरलेलं आमचं."

"शिळं चालेल. विटलेलं नको."

यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही जिंकलात की तुमची एक सवय होती, पंचा खांद्यावर टाकून बाहेर पडायचं आणि तासाभराने काहीतरी खायला घेऊन परत यायचं. त्या दिवशी शेंगा आणल्यात. मी खाल्ल्या नाहीत, धोंडिबाने खाल्ल्या.

प्रकरण सोडून टाक म्हणालात, मी हो म्हटलं आणि सोडलं नाही. पत्रिका छापताना खिळे कमी पडू लागले. मग मी आलेल्या लोकांना पटवून मजकूर तोकडा करून घ्यायची. कितीतरी लग्नांतले काका-मामा तुमच्या लाटांपायी पत्रिकेतून गळले. धोंडिबा कुरकुर करायचा, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. फळीवरच्या वर्तमानपत्राखाली काय आहे ते तुम्हाला दिसत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

आणि नवव्या प्रकरणाचे पृष्ठांक. मी ते जुळवताना मध्ये आठव्याची जागा मोकळी ठेवून पुढचे आकडे घातले. मुद्रितं तुमच्याकडे तपासायला आली. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तुम्ही लाल शाईने गोल काढणारे. त्या मुद्रितांवर पानोपानी लाल गोल होते, आकड्यांवर एकही नव्हता. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला एक तर आकडे बदलायला सांगावं लागलं असतं, नाहीतर आठवं छापायला हो म्हणावं लागलं असतं. आपण दोघांनीही ते टाळलं. तुम्ही तापाने पडलात तेव्हाही पुस्तक बांधायला कधी पाठवतेस एवढंच विचारलंत. तुम्ही उठलात की, मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि कूस वळवलीत. तेवढंच झालं आपलं त्यावर बोलणं.

धोंडिबाने विचारल्यानंतर दोन दिवस मी काही ठरवलं नाही. काल संध्याकाळी दिवा लागायच्या आधी बसले. कागदाला उभी घडी घातली, डावीकडे तुमची बाजू लिहायची, उजवीकडे माझी, आणि जी खरी वाटेल ती मानायची. तुमच्यावर अन्याय नको म्हणून तुमची आधी घेतली. आणि काय सांगू, लेखणी थांबेना. तुम्ही बोलला होतात ते तर लिहिलंच, पण तुम्ही कधी न काढलेले मुद्देही सुचत गेले. ही लाट आजवर कुणी पाहिलेली नाही. ती इतकी बारीक की कुणाला कधी मोजता येईल याचा भरवसा नाही. शिकणाऱ्याला आधी पक्कं द्यावं, कच्चं नंतर. डावी बाजू भरली, कागद उलटून मागे गेली. उजवीकडे पाहिलं तर तिथे माझा नुसता राग होता.

म्हणजे तुम्ही पुन्हा जिंकलात, आणि शेंगा आणायलासुद्धा कुणी नव्हतं. मी खूप रडले. तेराव्यापर्यंत लोकांदेखत रडले होते, तसं नव्हे.

आज सकाळी धोंडिबाला सांगितलं, खण काढून ठेवा, सोडू या. वर्तमानपत्र बाजूला केलं. पहिल्या पानाची दोरी मीच सोडली. खिळे परत टाकायचे म्हणजे एकेक ओळ बोटांत उचलायची, ती वाचायची, आणि अक्षर अक्षर ज्याच्या त्याच्या खणात सोडायचं. वाचल्याशिवाय टाकता येत नाही. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत तुमचं ते लांबलचक वाक्य होतं, तीन वेळा 'जे' आणि दोन वेळा 'ते'. मला एकदम तुमचा राग आला. हे असं लिहायचं असतं का? तारे आधी यायला हवेत, फिरणं मग, लाट शेवटी. जुळवताना आनंदाच्या भरात मी हे कसं चालवून घेतलं? ओळ बोटांत धरून मी मनातल्या मनात ते सगळं वाक्य मोडून नव्याने लिहायला लागले.

आणि तिथेच हात थांबला.

तुम्ही म्हणत होतात, मराठीत दुसरं पुस्तक येणार नाही, म्हणून पहिल्यात चूक नको. अहो, पण दुसरं पुस्तक लिहितं कोण? ज्याला पहिल्याचा राग येतो तो. बिनचूक पुस्तकाला लोक हात जोडतात आणि कपाटात ठेवतात. हे प्रकरण वाचून मावळातलं एखादं पोर चिडेल, म्हणेल मास्तरांनी इथे गफलत केली, लाटा अशा नाहीत, किंवा नाहीतच, किंवा आहेत आणि मास्तर उगीच घाबरले. ते सिद्ध करायला त्याला लिहावं लागेल, आणि मास्तर मराठीत चुकले म्हणून त्यालाही मराठीतच लिहावं लागेल. चूक छापली तरच दुसरं पुस्तक येईल.

इतकी वर्षं जे उत्तर सापडलं नाही ते शिशाने काळी झालेली बोटं हवेत धरून उभी असताना सापडलं. मला भान राहिलं नाही. मी आतल्या खोलीकडे तोंड वळवून मोठ्याने हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

धोंडिबा रुळाला शाई लावत होता. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आतल्या खोलीकडेही पाहिलं नाही. मी बोटांतली ओळ होती तिथे परत बसवली. आधीच्या दोन ओळी खणांतून अक्षर अक्षर वेचून पुन्हा जुळवल्या. त्याला वेळ लागला, डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

"वैनी," तो म्हणाला, "मंग काय करायचं?"

"फर्मा चढवा."

आता दुपार झाली आहे आणि यंत्र चालू आहे. पहिली आठ पानं छापून झाली, मी ती दोरीवर सुटी सुटी वाळत घातली आहेत. प्रकरणाच्या शेवटी तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत घातलं आहे, की लेखकाला हे छापायचं नव्हतं, आणि का नव्हतं. ते नाही घातलं तर लबाडी होईल. त्याखाली माझं उत्तर, दोन ओळींचं.

त्या उत्तरावर तुम्ही काय म्हणाला असतात, याचा मी सकाळपासून विचार करते आहे. कालपर्यंत तुमच्या वतीने मला सगळं बोलता येत होतं. हे एक येत नाही.